9,000 फुलांतली 116

कॅन्सस सिटीच्या पहिल्या महायुद्धाच्या राष्ट्रीय संग्रहालयाला बरेच जण दोन तास ठेवतात. ते पुरत नाहीत. निम्मी दालनं 1914 ते 1917 ची, म्हणजे अमेरिका युद्धात नव्हती तेव्हाची. लोक खंदकांपाशी आणि तोफांपाशी रेंगाळतात, अमेरिकेची पाळी येईपर्यंत पाय बोलू लागतात. तेव्हा सकाळीच जा. ट्राम फुकट आहे. युनियन स्टेशनला उतरलं की समोरच्या टेकडीवर 217 फुटी मनोरा दिसतो. चढ मात्र आहे.

आत शिरताना काचेचा पूल लागतो. पायाखाली 9,000 लाल पॉपी, एक फूल म्हणजे 1,000 मृत सैनिक. माझं गाडं तिथेच अडलं. अमेरिकेचे मृत सुमारे 1,16,000, म्हणजे 116 फुलं. त्यातलीही निम्म्याहून अधिक आजारपणाची. भारताची 74 च्या आसपास. इराकमधल्या कुत शहराच्या वेढ्यात सापडलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमधल्या मराठा पलटणींना ‘जाता का?’ असं कोणी विचारलं नव्हतं. इथे युद्धात उतरायचं का यावर निदान मतं मोजली गेली: एप्रिल 1917 मध्ये सिनेटात 82 विरुद्ध 6, प्रतिनिधिगृहात 373 विरुद्ध 50. त्या सहांतले एक, विल्यम स्टोन, याच मिसुरीचे.

मग 116 फुलांवर एवढा देश पुढची वीस वर्षं का बिथरला? जीव गेले हे खरंच, पण त्याहून जास्त सलत होतं ते फसवलं गेल्याचं. ‘आम्हाला युद्धाबाहेर ठेवलं’ या प्रचारावर राष्ट्राध्यक्ष विल्सन 1916 ला निवडून आले आणि पाच महिन्यांत युद्ध दारात. मित्रराष्ट्रांना दिलेली कर्जं तर बुडालीच. 1934 नंतर नेमाने हप्ते भरणारा फिनलंड तेवढा उरला. त्याच वर्षी सिनेटर नाय यांची समिती शस्त्रकारखानदारांच्या आणि बँकांच्या वह्या उघडून बसली.

अमेरिकेला परक्या युद्धांपासून दूर ठेवायला नंतर केलेले तटस्थता कायदे वाचताना मजा वाटते, कारण 1917 चं युद्ध ज्या ज्या भोकातून आत आलं, ते ते बुजवलेलं दिसतं. 1935: लढणाऱ्या देशांना शस्त्रं नाहीत. 1936: कर्ज नाही. 1937: त्यांच्या जहाजातून प्रवासही नाही, कारण 1915 ला जर्मन पाणबुडीने बुडवलेल्या लुसिटानिया या ब्रिटिश प्रवासी जहाजासोबत 128 अमेरिकन बुडाले होते. भोकं नेमकी बुजली, पण गेल्या युद्धाची. चढाई करणारा आणि मार खाणारा कायद्याला सारखेच. यादवी युद्धात लढणाऱ्या स्पेनच्या प्रजासत्ताकाला त्यामुळे अमेरिकेची शस्त्रं मिळाली नाहीत.

वर गच्चीवर सगळे थेट लिफ्टकडे धावतात आणि मनोऱ्याच्या दोन बाजूंचे दगडी स्फिंक्स बघायचे राहतात. पश्चिमेकडचा ‘भविष्य’, पूर्वेकडचा ‘स्मृती’. ‘स्मृती’चं तोंड फ्रान्सच्या रणभूमीकडे आहे, आणि तिने पंखांनी डोळे झाकून घेतलेत.