दगड ठेवायचा राहिला

२८ जुलै, रात्री

‘झोपलाय गं तो.’ असं का म्हणाले मी?

सकाळी काचेच्या टाकीत एक बेडूकमासा उताणा तरंगत होता. चिनूने आधी पाहिला. मी डबे भरत होते, एकदा वळून बघितलं आणि तोंडातून निघून गेलं. ती काहीच बोलली नाही. दप्तर घेऊन रिक्षात बसली.

नंतर तळहातावर घेतला. भिजवलेल्या हरभऱ्याएवढा. मागचे पाय केव्हाच फुटलेले, पुढचे परवा आलेले, शेपूट अर्धी उरलेली. पुढच्या पंजाची चार बोटं वेगवेगळी मोजता येत होती. पाण्यातच जन्मला आणि पाण्यातच बुडाला. पुढचे पाय येतात त्याच दिवसांत कल्ले जाऊन फुप्फुसं कामाला लागतात, मग टेकायला कोरडी जागा हवीच. हे मला ठाऊक होतं. मीच तिला चित्र काढून समजावलं होतं. चित्रात दगडही काढला होता.

पाच आठवडे काय कमी केलं मी? नळाच्या पाण्यात क्लोरीन म्हणून पागोळ्यांचं पाणी बादलीत धरलं. पालक उकडून चिमूटभरच टाकला, उरलेला कुजायच्या आत काढला. एक दिवसाआड निम्मं पाणी बदललं. उपक्रम तिच्या शाळेचा आणि राबायचं मी. घरात दुसऱ्या कुणालाही टाकीत डोकावून बघावंसं वाटलं नाही. जाऊ दे, तो विषय आज नको.

दुपारी आई फोनवर म्हणाल्या, एकेक बेडकी हजारो अंडी घालते, जगतात त्यातले मोजकेच, इतकं काय मनाला लावून घ्यायचं. खरंच आहे. ज्या डबक्यातून आम्ही हे वीस आणले, तिथे काठाला काळा थर दिसावा इतके होते, आणि आठ दिवस उघडीप पडल्यावर डबकंच आटलं. ते सगळे गेले, त्याचं मला एवढं लागलं नव्हतं. दगडाचंही नाही बहुतेक. दगड विसरला, वाईट झालं, पण ते विसरणं होतं. ‘झोपलाय’ हे विसरणं नव्हतं. मरणही बघायला मिळेल म्हणूनच तर तिला हे करू दिलं होतं ना मी? आणि ते समोर आलं तेव्हा तिच्या डोळ्यांवर हात ठेवला.

संध्याकाळी ती परसातून फुटक्या कौलाचा तुकडा घेऊन आली. धुतला, टाकीत तिरका टेकवला, अर्धा पाण्याबाहेर.

‘आई, तो झोपला नव्हता ना?’

‘नव्हता गं. मेला होता.’

‘मला माहीत होतं. तू घाईत होतीस.’

एवढंच. मग त्याला कुठे ठेवला ते विचारलं. जास्वंदीखालची जागा दाखवली. तिने ओल्या मातीवर पान ठेवलं आणि जेवायला चल म्हणाली. सकाळपासून छातीत धरून ठेवलेलं माझं सगळं त्या ‘घाईत होतीस’पाशी सैल झालं. घाईत होतेच मी. उद्याही असेन.

आता साडेदहा. टॉर्च मारून पाहिलं. कौलावर एक चढून बसलाय, पूर्ण बाहेर. शेपटीचा नुसता खुंट राहिलाय, गळा भराभर हलतोय. उद्या संध्याकाळी त्याला विहिरीजवळच्या ओल्या गवतात सोडायचं.

चिनू आत्ताच झोपलीय. सकाळी सहाला उठायचंय तिला.

उठवतेच.