जड हाताने लिहिलेलं 'वगळा'

ठाणे स्टेशनात लोकलची वाट बघताना विकिपीडियावरची ती चर्चा पुन्हा उघडली. रेल्वेवेड्या मंडळींच्या एका हौशी साइटबद्दलचा लेख ठेवायचा की वगळायचा? साइट माझी लाडकी. इंजिनांचे नंबर, शेड, जुने फोटो, सगळं पदरमोड करून जमवलेलं. पण उल्लेखनीयतेसाठी, म्हणजे विकिपीडियावर स्वतंत्र लेख असण्याइतकं महत्त्व दाखवायला, त्रयस्थ, विश्वासार्ह स्रोतांनी सविस्तर दखल घेतलेली लागते. तासभर शोधलं. एका वर्तमानपत्रात जेमतेम दोन ओळी, बाकी साइटचंच स्वतःबद्दलचं. १८५३ साली बोरीबंदरहून पहिली गाडी याच ठाण्याला आली, तिच्यावर हवे तेवढे संदर्भ मिळतात. या मंडळींच्या कष्टांवर मात्र कुणी लिहिलंच नाही. शेवटी 'वगळा' लिहिलं, हात जड झाला. पत्रकार मित्रांनो, त्यांच्यावर एकदा नीट लिहा ना. मग 'ठेवा' म्हणणारा पहिला मीच.