शिक्षकांच्या मंडळाची नवीन कार्यकारिणी रजिस्टरवर आणताना - माझा अनुभव

आमचं सोलापूर जिल्ह्यातल्या विषय शिक्षकांचं मंडळ आहे, विषय कुठला ते सांगत नाही, सांगितलं की लगेच ओळखतील सगळे. मुलांसाठी परीक्षा घेतो, शिक्षकांच्या कार्यशाळा घेतो, जमलं तर स्मरणिका काढतो. मागच्या वार्षिक सभेत मला सचिव केलं. केलं म्हणजे काय, कोणी तयारच होईना, मग मॅडमचं अक्षर चांगलंय एवढ्या पात्रतेवर माझं नाव आलं आणि सूचकांचं वाक्य संपायच्या आत अनुमोदन पण आलं.

हार झाले, फोटो झाले, ग्रुपवर दोन दिवस नुसते गुच्छ. मग नवीन खजिनदार सर बँकेत गेले सह्या बदलायला, तर बँकेनं सांगितलं परिशिष्ट एकची, म्हणजे धर्मादाय कार्यालयाच्या रजिस्टरमधल्या आपल्या नोंदीची, ताजी नक्कल आणा, त्यावर ज्यांची नावं असतील त्यांच्याच सह्या चालतील. बरोबरच आहे त्यांचं. नक्कल काढली आणि बघतो तर काय, त्यावर आमच्या आधीच्या पण आधीची कार्यकारिणी! त्यातले दोघं वारलेत, बाकीचे बरेचसे रिटायर, आणि जुने खजिनदार सर पुण्याला मुलाकडे राहायला. मधली जी कार्यकारिणी तीन वर्षं राबली, परीक्षा घेतल्या, शाली घातल्या, तिचं नाव रजिस्टरला कुठंच नाही. मग इतकी वर्षं चेक कसे निघत होते? तर कोणीतरी सकाळी हुतात्मा एक्सप्रेसनं चेकबुक घेऊन पुण्याला जायचं, सरांच्या घरी चहा घ्यायचा, सह्या घ्यायच्या आणि संध्याकाळच्या हुतात्मानंच परत यायचं. सगळ्यांना हे एकदम नॉर्मल वाटत होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. अशी मंडळं बहुतेक दोन कायद्यांखाली नोंदलेली असतात, १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा. सात माणसं जमली की संस्था काढता येते, तो सोपा भाग. पण नंतर कार्यकारिणी बदलली की कलम २२ प्रमाणं ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात फेरफार अर्ज द्यावा लागतो, सगळे त्याला चेंज रिपोर्टच म्हणतात. तो मंजूर झाला की परिशिष्ट एकवर नवीन नावं चढतात. तोपर्यंत तुमचा अध्यक्ष हा फक्त बॅनरवरचा अध्यक्ष.

आमच्या वकील साहेबांनी शांतपणे सांगितलं की मॅडम तुमचा अर्ज नंतर, आधी मधल्या लोकांचा अर्ज, तो पण उशीर माफीच्या अर्जासकट, म्हणजे इतके दिवस का दिला नाही त्याचं कारण लिहून. आता कारण काय लिहायचं? खरं कारण असं की प्रत्येकाला वाटलं दुसऱ्यानं दिला असेल.

मग कागद गोळा करणं सुरू झालं. लागतं काय काय तर सभेची नोटीस, ती सदस्यांना पोचल्याचा पुरावा, हजेरीच्या सह्या, इतिवृत्त आणि ठरावाची प्रत, नवीन लोकांची संमतीपत्रं, जाणाऱ्यांचे राजीनामे नाहीतर ना हरकत, वारलेल्यांचे मृत्यू दाखले, घटनेची प्रत, प्रतिज्ञापत्र. मधल्या कार्यकारिणीचं इतिवृत्त पुस्तकच सापडेना. त्यांचे सचिव सर आता मंगळवेढ्याकडे गावी असतात, फोन केला तर म्हणाले अहो पेटीत असंल की, या एखाद्या रविवारी. गेलो. पेटीत जुन्या स्मरणिका, उरलेली सर्टिफिकेटं, एक न दिलेली ट्रॉफी आणि सगळ्यात खाली ते पुस्तक. सरांनी इतिवृत्त इतकं देखणं लिहिलेलं, 'गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब करून त्याच ठिकाणी पुन्हा सुरू करण्यात आली' हे वाक्य दर सभेला आहेच. आणि त्या वाक्यानंच आम्हाला वाचवलं, कारण घटनेत तहकूब सभेला कोरमची अट नाही, हजेरीला मोजकीच नावं असली तरी सभा कायदेशीर. सरांनी निघताना शेंगा दिल्या आणि वर म्हणाले, "बाई, मी लिहायचं काम केलं, द्यायचं काम अध्यक्षांचं होतं." अध्यक्ष वारलेत, त्यामुळं विषय तिथंच संपला.

मृत्यू दाखले मागायला जाणं मात्र जड गेलं. एका सरांच्या घरी गेल्यावर काकू म्हणाल्या, अजून नाव आहे होय त्यांचं, आणि दाखल्याबरोबर सरांचं मंडळाचं जुनं ओळखपत्र पण आणून दाखवलं. तिथं आपण काय बोलणार.

आता खरी भानगड. आपल्या जिल्ह्यात तालुके ११ आणि आमच्या घटनेत कार्यकारिणी ९ जणांची. हे गणित घटना लिहिणाऱ्यांनी कसं काय केलं देव जाणे. दर वेळी दोन तालुके रुसतात. या वेळी बार्शी आणि करमाळा राहिले. करमाळ्याचे सर समजूतदार, म्हणाले आम्हाला सोलापूरला यायलाच अर्धा दिवस जातो, पुढच्या वेळी बघू. बार्शीचे सर मात्र पेटले. नोटीस मला पोस्टानं आलीच नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं म्हणजे नोटीस होत नाही, मी हरकत घेणार. आमच्या घटनेत १५ दिवस आधी लेखी नोटीस असं स्पष्ट आहे, त्यामुळं मुद्दा बिनबुडाचा नव्हता, पण पोस्टाच्या पावत्या होत्या आणि सरांच्या शाळेच्या पत्त्यावर गेलेल्या पाकिटाची पोच पण होती, शाळेच्या शिपायाची सही. सर तेव्हा बोर्डाच्या पेपर तपासणीत होते.

हरकत ही काय चीज आहे ते वकील साहेबांकडून कळल्यावर माझी झोप उडाली. २०१७ च्या दुरुस्तीनंतर विश्वस्त बदलाच्या (आमच्यासाठी कार्यकारिणी बदलाच्या) अर्जाला आधी तात्पुरती मंजुरी मिळू शकते, मग नोटीस निघते, ३० दिवसांत कोणाची हरकत आली नाही की तीच मंजुरी कायम. पण एक जरी हरकत आली तरी चौकशी लागते, पुरावे, उलटतपासणी, तारखा, सगळं कोर्टासारखं. आणि तोपर्यंत बँकेत तेच, हुतात्मा आणि पुणे. परीक्षेच्या फीचे पैसे खात्यात आणि बक्षिसं उधारीवर, असं झालं असतं.

मग अध्यक्ष सर, मी आणि आमचे अक्कलकोटचे कन्नड माध्यमाचे सर असे तिघं बार्शीला गेलो. कन्नडवाले सर मुद्दाम नेले कारण त्यांच्यावर कोणी चिडूच शकत नाही. भगवंताचं दर्शन घेतलं आणि मग सरांच्या घरी. पोच दाखवली. सर बघून गप्प झाले, मग म्हणाले ठीक आहे, पण बार्शीत एवढे शिक्षक आणि कार्यकारिणीत एक नाही हे बरोबर आहे का? नाही, अजिबात बरोबर नाही, आणि मी ते तिथंच बोलून दाखवलं. तोडगा असा निघाला की बार्शी आणि करमाळ्याचे दोघं निमंत्रित सदस्य म्हणून प्रत्येक सभेला यायचे, मताचा अधिकार नाही, चेंज रिपोर्टमध्ये नाव जात नाही, पण चर्चेत असतात. आणि खरं सांगू का, आमच्या सभेत मतदान कधी होतच नाही, सगळं चर्चेतच ठरतं, त्यामुळं निमंत्रिताचं वजन काही कमी नसतं.

बाकी मग सरळ गेलं. राहिलेले ऑडिट रिपोर्ट सीए कडून करून घेतले, दोन्ही अर्ज एकामागं एक लागले, मधल्या सरांनी प्रतिज्ञापत्रावर सही करायला मंगळवेढ्याहून यायची तयारी दाखवली आणि आले पण. आधी त्यांचा अर्ज मंजूर झाला, मग आमचा. नोटिशीची मुदत संपली, हरकत कोणाचीच नाही. नवीन परिशिष्ट एकची प्रमाणित प्रत हातात आली तेव्हा मी आधी दोन झेरॉक्स काढल्या आणि एक थेट बार्शीला पाठवली.

बँकेत केवायसी झालं, नवीन सह्या झाल्या. पुण्याच्या सरांना फोन करून सांगितलं की आता चेक घेऊन कोणी येणार नाही, तर ते जरा नाराजच झाले वाटतं, म्हणाले येत जा हो असंच.

आता घटना दुरुस्तीचं काढलंय, ९ चे ११ करायचे, प्रत्येक तालुक्याला एक. त्याच्या सभेची नोटीस तयार आहे, पोस्टानं जाणार, शाळेच्या नाही तर घरच्या पत्त्यावर. बार्शीच्या सरांनी आधीच सांगून ठेवलंय, मॅडम ११ केले तर उपाध्यक्षपद आमच्याकडे.