कुंडी नंबर 7 : पाणी गेलं कुठे?

मंडळी, घरी ओततोय त्या सिमेंटच्या कुंड्यांपैकी सातवीची खबर. मागच्या दोन कुंड्यांचं रडगाणं आठवत असेल, काठ नखाने खरवडला तरी पीठ पडायचं आणि तळाला केसासारख्या भेगा. आमच्या वाडीतले गवंडीकाका बघून म्हणाले "उन्हात नीट वाळू दिली नाहीस", म्हणून सहावी दोन दिवस अंगणात कडक उन्हात ठेवली तर ती सगळ्यात वाईट निघाली. म्हटलं आता हे वाळणं म्हणजे नक्की काय ते एकदा बघूच.

माल असा: पीपीसी (पोझोलाना, म्हणजे राखेसारखी पूड मिसळलेलं) सिमेंट 2 किलो, चाळलेली वाळू 4 किलो, पाणी 800 ग्रॅम, काट्यावर मोजून. आधी अंदाजाने ओतायचो, एकदा मोजलं तर याच मालाला 1300 निघालं!! 800 मध्ये माल कोरडाच वाटतो, थापीने ठोकत बसावं लागतं, काका लांबून हसत होते.

त्याच मालातला 500-500 ग्रॅम माल दोन श्रीखंडाच्या डब्यांत भरला. एकाला झाकण लावून वरून टेप गुंडाळली, दुसऱ्याची वडी दुसऱ्या दिवशी काढून पडवीत वाऱ्याला ठेवली. दोन्हींत पाणी साधारण 59 ग्रॅम. बंद डबा रात्री हाताला किंचित कोमट लागत होता आणि झाकणाला आतून दवासारखे थेंब, ते पुढे चार-पाच दिवसांत गायब.

28 दिवसांनी वजन केलं. पडवीतली वडी 473, म्हणजे 27 ग्रॅम पाणी वाऱ्यावर उडालं. बंद डब्यातला माल? 500. एखाद ग्रॅम इकडे तिकडे. टेप सोडली तर आत ओलावा दिसेना, कोरडा ठणठणीत दगड, खिळ्याने ओढलं तर उलट खिळ्याचीच काळी रेघ उठते, पडवीतल्या वडीवर मात्र पांढरी पूड पडते. म्हणजे पाणी कुठेही न जाता माल घट्ट झाला!

कारण सिमेंट चिखलासारखं वाळत नाही, ते पाणी खातं. सिमेंटमधले सिलिकेट पाण्याशी जोडले जातात, त्यातून गोंदासारखं जेल तयार होतं जे वाळूला धरून ठेवतं, सोबत चुना सुटतो (पानाला लावतो तोच) आणि उष्णता बाहेर पडते. सिमेंट पूर्ण मुरलं तर स्वतःच्या वजनाच्या जवळपास पाव भाग पाणी असं कायमचं बांधून घेतं, शिवाय थोडं जेलच्या अतिबारीक छिद्रांत अडकून बसतं, दोन्ही मिळून सिमेंटच्या वजनाच्या 0.4 पटीच्या आसपास. माझ्या जुन्या मालात पाणी 0.65 पट होतं, ते जादाचं पाणी नंतर उडालं आणि मागे राहिली पोकळ छिद्रं. सहावीचं तर दुहेरी नुकसान, आधी पाणी जास्त घातलं आणि मग सिमेंटचं खाऊन व्हायच्या आत उन्हाने ते पळवलं.

म्हणून तर गवंडी स्लॅबवर आळी करून पाणी साठवतात, कॉलमला गोणपाट गुंडाळून पाणी मारतात. 2000 सालच्या आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकात साध्या ओपीसीला (काही न मिसळलेल्या पोर्टलँड सिमेंटला) किमान 7 दिवस आणि पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला 10 दिवस ओल ठेवायला सांगितलंय. काकांना हे म्हटलं तर म्हणाले "ते स्लॅबचं, कुंडीला कोण एवढं करतं". बरं.

तर सातवी साच्यातून काढून थेट हौदात बुडवली, दहा दिवस. तिसऱ्या दिवशी पाण्यावर पातळ पांढरी साय आली. दूध नासल्यासारखं दिसतं पण तो सुटलेला चुना, हवेतला कार्बन डायऑक्साइड लागून त्याचा कार्बोनेट होतो. बोटावर घेऊन व्हिनेगरचा थेंब टाकला तर फसफसतो. ते पाणी झाडांना घालू नका, आणि माल कालवताना हातमोजे घाला, माझ्या बोटांच्या चिरा अजून भरतायत.

काठ आता मस्त. टिचकी मारली की खणकन वाजतो. मोगरा इतक्यात लावत नाहीये, अजून आठवडाभर पाणी बदलून चुना उतरवतो.

आठवीत कोंबडीजाळी घालायचीय, पण मे महिन्यात आमच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं. माल त्यानेही घट्ट होईल, प्रश्न लोखंडाचा आहे, क्षाराने जाळी आतून गंजून फुगली की कुंडी फुटणार. त्यामुळे आठवी पावसाळ्यातच, पागोळीखाली पिंप लावून.