आमची वाटचाल : काडतुसांच्या दुकानाच्या दोन पिढ्या

आम्ही बंदुका विकतो असं लोकांना वाटतं. दुकान खरं चालतं ते काडतुसांवर, दुरुस्तीवर आणि जमा ठेवलेल्या हत्यारांच्या भाड्यावर. नवी बंदूक विकली गेली की त्या दिवशी घरी गोडधोड होतं, इतकं ते क्वचित. बारा बोअरची बंदूक माणूस आयुष्यात एकदा घेतो. मग तीच मुलाच्या परवान्यावर चढते, पुढे नातवाच्या. काडतूस मात्र उडालं की संपलं. म्हणून आमच्यातल्या कुणालाही धंदा कसा काय विचारा, तो माल आहे की नाही एवढंच सांगेल.

वडिलांनी दुकान काढलं १९६८ साली, कोल्हापुरात. शस्त्र कायदा १९५९ चा, त्याचे नियम १९६२ चे, म्हणजे सगळं तसं कोरं होतं. संस्थानी काळापासूनचा शिकारीचा शौक अजून शिल्लक होता. इनामदार घरांतल्या इंग्लिश आणि बेल्जियन दुनळ्या दसऱ्याच्या आधी साफसफाईला यायच्या. मग १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीनं शिकार हा विषयच मिटला. मधे ऐंशीच्या दशकात परदेशी हत्यारांची आयात बंद झाली. हे दोन्ही घाव वडिलांनी सोसले. उरलं कोण, तर राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगडचा शेतकरी. भाताला आणि उसाला रानडुकरं लागतात, त्याला पीक संरक्षणाचा परवाना असतो, आणि पावसाळ्याच्या तोंडावर तो एसटीनं येऊन मोजकी काडतुसं घेऊन जातो. आमचं घर याच माणसानं चालवलं.

भांडवल वडिलांचं होतं, हात मिस्त्रींचे. मिस्त्री मूळ मिरजेचे, तंतुवाद्यांच्या कारखान्यात लाकूडकाम शिकलेले. तंबोऱ्याचा भोपळा सोडून बंदुकीच्या दस्त्याकडे कसे वळले ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पण अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता जवसाचं तेल तळहातानं चोळून चोळून ते असा काढायचे की त्यावर पॉलिश मारायला कुणाचा हात धजायचा नाही. दुनळी दुरुस्तीला आली की आधी दस्ता उतरवायचे, नळ्या एका बोटावर टांगायच्या आणि लाकडाच्या मुठीनं टिचकी मारायचे. सूर लांबला तर दोन नळ्यांमधली पट्टी पक्की. भद्द आवाज आला तर डाक, म्हणजे झाळलेला सांधा, कुठंतरी सुटलाय, गिऱ्हाइकानं कितीही शपथा घेतल्या तरी.

नळी आणि बॉडी यांच्यात फट पडली असेल तर दिव्याची काजळी धरायची. बंदूक मिटायची, उघडायची. काजळी जिथं पुसली गेली तिथं लोखंड उंच आहे, तेवढंच केसभर कानसायचं, परत काजळी, परत मिटायची. एकेका बंदुकीला अख्खा दिवस जायचा. त्यांचे पेचकस मी अजून वापरतो, प्रत्येकाचं पातं त्या त्या स्क्रूच्या खाचेपुरतं घासलेलं. बाजारचा पेचकस इंग्लिश स्क्रूला लावणाऱ्या माणसाला मी दुकानात उभं करत नाही. व्हाइसच्या जबड्याला लावलेलं म्हशीचं कातडं मात्र दोनदा बदललंय.

आता विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. जुन्या इंग्लिश दुनळीचं चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती नळीतली जागा, ६५ मिमीचं असतं. त्यात ७० मिमीचं काडतूस घालून बघा, सहज बसेल, आणि तिथंच माणूस फसतो. न उडालेल्या काडतुसाचं तोंड दुमडलेलं असतं म्हणून ते आखूड दिसतं. उडताना तोंड उलगडतं, पुढं जागा नसते आणि दाब भलताच चढतो. नळीवर नागमोडी नक्षी दिसली, म्हणजे दमास्कस नळी असली, तर आजचं बिनधुराचं काडतूस तिच्यात घालूच नका, भिंतीवर टांगा. आणि काडतुसं भाताच्या कणगीत ठेवू नका. जुनी कागदी काडतुसं कोकणच्या बाजूला पावसात फुगायची, चेंबरमध्ये जायचीच नाहीत. प्लास्टिकची फुगत नाहीत, पण पितळेला हिरवं चढतंच.

माल खडकीचा. तिथला दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा, आणि शक्तिमान काडतूस हे नाव आमच्या गिऱ्हाइकांना नातेवाइकासारखं पाठ. एलजी, एसजी, बीबी, चार नंबर, हे आतल्या छर्ऱ्यांचे आकार. पैसे आगाऊ भरायचे, वाहतुकीचे कागद करायचे, पेट्या आल्या की नग मोजून रजिस्टरला चढवायच्या. आधी सैन्याची गरज, मग आमची, यावर माझी तक्रार नाही. पण माल नसण्याचे दिवस आले की परवाना हातात असूनही शेतकऱ्याची बंदूक काठीइतकीच कामाची उरते. अशा दिवसांत आम्ही वाटणी करायचो. ज्याच्या शेताला जंगल लागून आहे त्याला आधी. लग्नात बार काढायला मागणाऱ्याला नाही, मग तो कुणाचाही पाहुणा असो. त्यापायी दोन-चार मोठी माणसं दुखावली ती दुखावलीच.

दुखावल्यावर ती कुठं गेली? समोर.

समोरच्यांचं नाव घेत नाही. ते गृहस्थ आमच्याच बाकावर बसून रजिस्टर लिहायला शिकले, वडिलांनी त्यांना मुलासारखं वागवलं. पुढं त्यांनी स्वतःचं दुकान टाकलं. टाकावं, परवाना काय एकट्या आमच्यासाठी नाही. पण २०१६ च्या जुलैमध्ये नवे शस्त्र नियम आले, कागद वाढले, दुकानदारांची तपासणी सुरू झाली, आणि पुढच्याच वर्षी आमच्यावर निनावी अर्ज पडला. अर्जाचं म्हणणं असं, की आम्ही मयत माणसाच्या परवान्यावर सात काडतुसं विकली. अर्जात त्या माणसाचा परवाना क्रमांक होता, काडतुसांचा लॉट नंबर होता आणि आमच्या रजिस्टरचं पान होतं. निनावी नागरिकाला लॉट नंबर कुठून कळतो, हे मी तेव्हाही विचारलं आणि आजही विचारतो.

घडलं होतं ते असं. आजऱ्याकडच्या एका शेतकऱ्यानं जिवंतपणी दहा काडतुसं नेली. विक्रीच्या पानावर नोंद, सही, परवान्यावर आमचा शिक्का, सगळं जागच्या जागी. पुढं तो वारला. मुलानं कायद्याप्रमाणे, कलम २१ खाली, बंदूक आणि उरलेली सात काडतुसं आमच्याकडे जमा केली. ती नोंद जमेच्या पानावर. जमेची नोंद विक्रीची म्हणून वाचली की झाला गुन्हा. आणि आमच्या दुकानातलं कुठलं पान विक्रीचं, कुठलं जमेचं, हे बाहेरच्या किती जणांना ठाऊक असणार?

आमच्या दुकानाच्या परवान्याचं नूतनीकरण नेमकं त्याच वेळी टेबलावर होतं. चौकशी संपेपर्यंत ते थांबलं. साठ्याला सील. परवाना नाही म्हणजे विक्री नाही आणि दुरुस्तीही नाही. मिस्त्री तेव्हा थकलेले होते, तरी रोज यायचे, हत्यारांचा लाकडी खोका उघडायचे, कानशी पुसून परत ठेवायचे. एक अख्खा पावसाळा गेला, मागून सुगी गेली. बायकोच्या पाटल्या बँकेत गेल्या. ज्यांच्यासाठी आम्ही टंचाईत काडतुसं राखून ठेवली, त्यांच्यातले निम्मे समोरच्या पायरीवर दिसू लागले. नमस्कार करायचे, मान खाली घालून.

तग धरला तो एअरगनवर. वीस ज्यूल ताकदीच्या आतली, .१७७ इंच नळीची, तिला परवाना लागत नाही. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाल्यापासून कोल्हापुरात नेमबाजीच्या क्लासना पोरांची कमी नाही. त्यांच्या आयांना पेलेटचे, म्हणजे एअरगनच्या छर्ऱ्यांचे, डबे लागायचे, आम्ही ते मागवून दिले. जोडीला दुर्बिणी, टॉर्च, मासेमारीचे गळ. बंदुकीच्या दुकानदारानं गळ विकावेत यावर बाजारात विनोद झाले. होऊ दे. लाइट बिल त्या गळांनी भरलं.

आणि आप्पा. आजऱ्याचेच, वडिलांच्या वेळचं गिऱ्हाईक. त्यांची एकनळी मिस्त्रींनीच जुळवलेली. आमचं शटर खाली असताना त्यांची काडतुसं संपली. समोर भरपूर माल होता, सांगणारे सांगत होते. आप्पा म्हणाले, "त्याच्याकडनं घिऊन बार काढला तर डुकरं हसतील मला." त्या हंगामात त्यांनी पत्र्याचे डबे बडवले, रात्र रात्र माळ्यावर बसले, आणि तरी भाताचा एक तुकडा गेलाच. भरपाईबद्दल अवाक्षर काढलं नाही. चौकशीत मात्र स्वतःहून जबाब द्यायला आले. मयत माणूस त्यांचा भाऊबंद. दोघं एकाच एसटीनं आले होते, दहा काडतुसं घेताना आप्पा शेजारी उभे होते, आणि तीन बार कुठल्या बांधावरून काढले तेही त्यांनी सांगितलं. मग साहेबांनी पंचांसमोर कोठी उघडायला लावली. बंदुकीला पुठ्ठ्याचं लेबल, दस्त्याला बांधलेली मांजरपाटाची पिशवी, तिला वडिलांच्या वेळच्या पितळी शिक्क्याचं लाखेचं सील. सील फोडलं. सात नग. लॉट नंबर विक्रीच्या नोंदीशी जुळला.

अर्ज निकाली निघाला, परवाना हातात आला. अर्ज कुणी केला याची चौकशी झाली नाही. निनावी होता ना!

त्यानंतरची वर्षं बरी गेली. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं माणशी तीनऐवजी दोन हत्यारं केली (विधेयकात तर एकच होतं), तिसरं जमा करायला लोक आमच्याकडे रांगेनं आले. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच झाली. मुलगा ऑनलाइन नोंदींचं बघतो.

ज्यावर सगळेच वाद घालतात त्या शस्त्र बाळगायच्या हक्काविषयीही थोडं लिहितो. दुकानात बसून अमेरिकेचे दाखले देणारे पुष्कळ. त्यांच्या घटनेत १७९१ पासून शस्त्राचा हक्क आहे, आपल्या नाही, आणि २०२३ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही तो फरक बोलून दाखवला. आपल्याकडे विचारच झाला नाही असं मात्र नाही. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात हा हक्क होता. ह. वि. कामत यांनी डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत तो घालायची दुरुस्ती मांडली, बाबासाहेबांनी ती मानली नाही. कलम १९ मध्ये जमण्याचा हक्क आला तो विनाशस्त्र. फाळणीच्या वर्षाचं रक्त अजून वाळलं नव्हतं, बाबासाहेबांचं बरोबरच होतं असं माझं मत. वडिलांचं उलट होतं, आणि या एका विषयावर आमचं जेवणाच्या ताटावर वाजायचं.

पण हक्क नाही म्हणजे मर्जीचा कारभार, असंही नाही. शस्त्र कायद्याचं कलम १३(३) वाचा. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी वीस इंचांहून आखूड नसलेल्या, आतून गुळगुळीत नळीची बंदूक, किंवा पिकासाठी ठासणीची, मागितली तर परवाना द्यावा असं तिथं लिहिलंय. नाकारायचा तर कलम १४ मधली कारणं हवीत, आणि वर कलम १८ खाली अपील आहे. शेतकरी टेबलाशी हात जोडून उभा राहतो, त्यानं हे कलम कागदावर लिहून न्यावं. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या दोन महिने आधी टाका. वडील वारले तर बंदूक माळ्यावर ठेवू नका, त्याच आठवड्यात जमा करा आणि पावती घ्या. आणि बंदूक परवान्यावर चढली की ती झाडायला शिका. परवाना डुक्कर मारायचा नसतो, त्याला वनखात्याची परवानगी वेगळी लागते. गव्याचं तर नावच काढू नका.

माझा भाचा डलासला असतो. २०२० मध्ये त्यानं तिथल्या दुकानातल्या रिकाम्या फळ्यांचा फोटो पाठवला, काडतुसं मिळत नव्हती. घटनेतला हक्क होता, डबे नव्हते. मी त्याला आमच्या फळीचा फोटो उलट पाठवला.

निवडणुकीचं दुखणं वेगळंच. विधानसभा ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते, म्हणजे ऐन भातकापणीत, आणि हत्यारं जमा करायचा हुकूम निघतो. यात माझी कोठी भरते, भाडं मिळतं, तरी सांगतो, सरसकट जमा करणं चूक आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं २००९ मध्येच सांगितलंय की छाननी करून ठरवा, जामिनावरचे, गुन्हे असलेले, दंगलीतले यांची घ्या. आप्पांवर कसली केस? तरी नोटीस येते. मग मी लेबल लिहितो, पिशवी बांधतो, लाख वितळवतो.

आता आप्पांचा नातू येतो. परवान्यावर जेवढी शिल्लक तेवढीच काडतुसं देतो, एक नग जास्त नाही. समोरच्यांचं दुकान अजून आहे. दिवाळीला त्यांच्याकडून पेढ्यांचा डबा येतो. आम्ही तो घेतो, पोहोच देतो, आणि वॉचमनला देऊन टाकतो.