रस्त्याखालची ट्राम

दक्षिण मुंबईत रस्ता खोदायचा तर रात्रीच. दिवसा हातगाड्या, टेम्पो, बस आणि माणसांची रीघ. जेसीबी उभा करायलाही जागा मिळत नाही. मी काँक्रीटच्या रस्त्यांच्या कामावर साइट इंजिनिअर आहे. काळबादेवीच्या बाजूला आमचं काम चालू होतं. 31 मेच्या आत रस्ता वाहतुकीला खुला करायचा होता, त्यामुळे एक रात्रही फुकट घालवणं परवडत नव्हतं.

मध्यरात्र उलटून गेल्यावर ब्रेकर एका जागी खणखणला आणि ठिणगी उडाली. ऑपरेटरने मशीन तिथल्या तिथे बंद केलं. जुन्या शहरात बिडाची पाण्याची लाइन फुटली तर सकाळी सगळ्या इमारतींचं पाणी बंद, वर खड्ड्याचा तलाव. मुकादमाने पालिकेच्या चावीवाल्याला, म्हणजे पाण्याच्या लाइनचे व्हॉल्व्ह सोडणाऱ्या-बंद करणाऱ्या माणसाला, उठवून आणलं. काका आले, खड्ड्यात उतरले, बॅटरी मारली, हाताने माती सारली आणि म्हणाले, "साहेब, ही आपली लाइन नाय. आपली लाइन एवढी वर नसते."

मग आम्ही कुदळ-फावड्याने हळूहळू मोकळं केलं. वर डांबराचे थर होते, एकावर एक थापलेले. जुनं न खरवडता वर नवीन डांबर टाकायचं, हे वर्षानुवर्षं चालत आल्यामुळे इथल्या कितीतरी जुन्या इमारतींच्या जोत्याच्या पायऱ्या रस्त्याने गिळल्या आहेत. पावसाचं पाणी तळमजल्यात शिरतं त्याला हेही एक कारण आहे. डांबराखाली खडी. खडीखाली काळ्या पाषाणाचे घडीव ठोकळे, एकमेकांना इतके घट्ट बसवलेले की पहार घालायला फट सापडेना. वरची बाजू चाकांनी झिजून गुळगुळीत झालेली, खालची मात्र छिन्नीच्या घावांसकट जशीच्या तशी. आणि त्या ठोकळ्यांच्या मधोमध लोखंडी रूळ, डोक्यावर लांबच लांब खाच असलेला. रेल्वेच्या रुळाला अशी खाच नसते. रस्त्याच्या पातळीत बसवायच्या ट्रामच्या रुळाला असते, चाकाची कड तिच्यात धावते.

बाजूला अंदाजाने खणलं तर जोडीचा रूळही सापडला. मी टेप लावली. आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत 4 फूट साडेआठ इंच, म्हणजे 1,435 मिलिमीटर. लोकलचा मार्ग 1,676 चा. पण याच भागाखालून जाणाऱ्या मेट्रो-3 चे रूळ 1,435 चेच आहेत. ट्राम बंद झाली आणि साठ वर्षांनी तेच माप पुन्हा, खूप खोलवर, याच वस्तीखाली आलं. ते टेपवर वाचताना अंगावर काटा आला.

आवाजाने आसपासच्या खिडक्या उघडल्या होत्या. शिव्या ऐकायची आम्हाला सवय आहे. पण समोरच्या इमारतीतले एक आजोबा काठी टेकत खालीच आले. बॅरिकेडला धरून बराच वेळ बघत राहिले. "एक आणा," म्हणाले. "एक आणा द्यायचा न् कुठवर जायचं तिथवर जा. ड्रायव्हर पायाने घंटा बडवायचा. आम्ही पोरं चालत्या गाडीतून उतरायचो, तरी कुणी पडायचं नाही, एवढी ती हळू." शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली ती 31 मार्च 1964 च्या रात्री. आजोबा तेव्हा नुकतेच नोकरीला लागलेले. रस्त्यात माणसंच माणसं होती, एवढं त्यांना आठवत होतं. घोड्यांची ट्राम 1874 मध्ये सुरू झाली, विजेची 1907 मध्ये. म्हणजे नव्वद वर्षं या शहराचं जाणं-येणं रुळांवरून झालं. त्यातले काही फूट आमच्या पायाखाली होते आणि ते काढायचं काम माझ्याकडे.

काढण्याला पर्याय नव्हता. काँक्रीटचा थर, त्याखालचा कोरड्या काँक्रीटचा थर, त्याखालची खडी, सगळं मिळून अडीच फुटांच्या आसपास खोदावं लागतं. रूळ दीड फुटावर. आणि काँक्रीटचा रस्ता हवाच आहे. दर पावसाळ्यात खड्ड्यात दुचाकीवरून पडणारी माणसं मी पाहिली आहेत. मला खुपतं ते वेगळंच. खोदलेलं सगळं एकाच डंपरमध्ये डेब्रिज म्हणून जातं. पाण्याची लाइन, विजेची केबल, मलनिस्सारण, प्रत्येकाचा रकाना आमच्या नकाशात आहे. शहराच्या जुन्या रस्त्यासाठी रकाना नाही. हुतात्मा चौकात फ्लोरा फाउंटनच्या कामात ट्रामचे रूळ निघाले तेव्हा ते जपले गेले, कारण तिथे जतनाची जाणकार माणसं हजर होती. आडवाटेच्या खड्ड्यावर रात्री दोन वाजता कोण असणार?

मी पालिकेच्या दुय्यम अभियंत्यांना फोन लावला. झोपमोड होऊनही ते आले. त्यांनी खड्डा बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, "पहाटेपर्यंत भराव होईल ना?" मी म्हटलं, होईल, फक्त गॅस कटरने तुकडे करण्याआधी फोटो आणि मापं घेऊ द्या, अन् एक लांब तुकडा नि थोडे ठोकळे भंगारात नको, चौकीत ठेवू. त्यांनी तासभर दिला. मुकादमाने स्वतःहून चार माणसं लावून ठोकळे एकेक करून वेगळे रचले. त्या पोरांचं मला फार कौतुक वाटलं. त्यांना त्याचे जादा पैसे मिळणार नव्हते.

तुकडा आणि ठोकळे अजून चौकीच्या आवारात आहेत. बेस्टच्या, म्हणजे मुंबईच्या बससेवेच्या, आणिक आगारातल्या संग्रहालयाने ते घ्यावेत म्हणून पत्र दिलं आहे. झालेल्या कामाच्या नकाशावर मी रुळांची जागा, खोली आणि माप लिहिलं आणि दुय्यम अभियंत्यांनी त्यावर सही केली. पुढचा टप्पा दुसऱ्या ठेकेदाराकडे आहे. त्यांच्या इंजिनिअरला फोटो पाठवून कळवलंय: रूळ तुमच्या हद्दीतही गेलेले असणार, ब्रेकर लावायच्या आधी हाताने खोदून बघा.