मारुती ८०० चा तापमान सेन्सर: पाण्यात खरा, गाडीत खोटा

माझ्या जुन्या, कार्ब्युरेटर असलेल्या मारुती ८०० मध्ये तापमानाचा काटा घाट चढतानाही निम्म्याच्या बराच खाली राहत असे. इंजिन इतके थंड राहते याचे कौतुक करण्यापेक्षा सेन्सरवर संशय घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटले. हा सेन्सर एका तारेचा असतो. तापमान वाढते तसा त्याचा विद्युत रोध घटतो (रोध कमी तितका काटा वर) आणि त्याचे अर्थिंग, म्हणजे वीज परतण्याची वाट, त्याच्याच आट्यांमधून इंजिनाच्या धातूशी होते.

सेन्सर काढून पाण्याच्या भांड्यात असा टांगला, की त्याचे टोक बुडावे, पण तळाला टेकू नये आणि वरचे टर्मिनल कोरडे राहावे. पाणी उकळल्यावर गॅस बंद करून ते निवत असताना मोजमाप केले, कारण पाणी झपाट्याने तापत असताना थर्मामीटर आणि सेन्सर एकमेकांच्या मागेपुढे राहतात. (पुण्याच्या उंचीवर पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळते, मल्टिमीटरला दोष देण्याआधी हे आठवावे.) ९८ अंशांना २८ ओहम, ८० ला ५२ आणि ५० ला १५४ ओहम मिळाले, म्हणजे रोध अपेक्षेप्रमाणे बदलत होता आणि सेन्सर उत्तम होता.

मग तो पुन्हा बसवला, इंजिन तापवून बंद केले, तार काढली आणि टर्मिनल ते बॅटरीचे ऋण टोक असा रोध मोजला. सेन्सरलगतच्या धातूवर बांधलेला थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) ८० अंश दाखवत असताना मल्टिमीटरवर ७२ ओहम आले. सेन्सरचे षटकोनी डोके आणि इंजिन यांच्यातच जवळपास २० ओहम निघाले. आट्यांवर आधीच्या कोणीतरी टेफ्लॉन टेपचे जाड वेटोळे दिले होते आणि खाली गंजही साचला होता, म्हणजे अर्थिंगच अडले होते.

यातला खरा धोका असा, की हे जादा २० ओहम कायम असले तरी त्यांच्यामुळे होणारी चूक कायम राहत नाही. ८० अंशांना काटा सुमारे ९ अंश कमी दाखवतो, पण ९८ अंशांना २८ चे ४८ ओहम होतात आणि काटा ८२ च्या जागी निवांत उभा राहतो.

टेप काढून, आटे घासून, फक्त वरच्या आट्यांना द्रव सीलंटचा पातळ थर दिला आणि सेन्सर ज्यात बसतो तो इंजिनाचा भाग (मॅनिफोल्ड) ॲल्युमिनियमचा असल्याने पाना बेताने फिरवला. आता डोके आणि इंजिन यांच्यातला रोध अर्ध्या ओहमहून कमी आहे. सेन्सरच्या जागी २७ आणि ५६ ओहमचे, ५ वॉटचे रोधक आळीपाळीने जोडून काटा कुठे थांबतो ते पाहणे, म्हणजेच खुद्द गेजची (काट्याच्या मीटरची) परीक्षा, अजून बाकी आहे.